खिडकीचा भाव

विक्री कार्यालय म्हणजे बांधकामाच्या फाटकाशी ठेवलेली एक पत्र्याची केबिन. आत एक टेबल, सहा खुर्च्या, पाण्याचा जार आणि समोरच्या भिंतीवर इमारतीचा तक्ता. अकरा मजले, मजल्यावर चार घरं, म्हणजे चव्वेचाळीस चौकोन. घर विकलं गेलं की त्याच्या चौकोनावर लाल ठिपका चिकटवायचा. हे काम वहिनींचं. वहिनी म्हणजे दोन मालक भावांपैकी थोरल्यांची बायको. पण गवंड्यापासून दलालापर्यंत सगळेच त्यांना वहिनी म्हणत, त्यामुळे सख्खा दीर एक असून त्या केबिनमध्ये बसून साठ-सत्तर दिरांना सांभाळत होत्या.

तक्त्यावर चौतीस ठिपके होते. आत येणारा माणूस आधी ते बघे आणि मग बसे, पण पाठ टेकून बसत नसे. चव्वेचाळीसपैकी चौतीस गेली म्हटल्यावर तो खुर्चीच्या कडेवर येई, आवाज खाली आणी आणि बायकोकडे बघे. माणसाने असं कडेवर यावं एवढ्याचसाठी सगळा खटाटोप होता. कारण चौतिसांतले खरे ठिपके तेवीसच. उरलेले अकरा, तळ्याच्या बाजूच्या कोपऱ्याची अख्खी उभी रांग, वहिनींनी नवऱ्याच्या सांगण्यावरून एका दुपारी बसून चिकटवले होते. त्या घरांना गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकाला ती दाखवायचीच नाहीत, असं ठरलं होतं.

थोरल्यांचं याबाबत एक शास्त्र होतं. ते कुठे छापलेलं नव्हतं, पण जेवताना रोज ऐकू येई. "घर एकच, भाव तीन," असं ते घास हातात धरून सांगत. पहिला खड्ड्याचा भाव. जमिनीत नुसता खड्डा असतो, गिऱ्हाईक कागदावरच्या रेघांवर भरवसा ठेवून पैसे देतं, म्हणून त्याला स्वस्त. दुसरा स्लॅबचा. चार मजले उभे राहिले की माणसाला रस्त्यावरून बोट दाखवून "ते आमचं" म्हणता येतं, आणि त्या बोट दाखवण्याचे पैसे वेगळे. तिसरा खिडकीचा. भिंत आली, चौकट बसली, बाई खिडकीत उभी राहिली आणि तिला तळं दिसलं, की नवरा भाव विचारतच नाही, हप्ता किती तेवढं विचारतो. कोपऱ्याची रांग खिडकीच्या भावासाठी राखलेली होती. इमारत अजून चौथ्या स्लॅबवर होती आणि सातवा स्लॅब पडल्याशिवाय खिडक्यांच्या चौकटी बसणार नव्हत्या.

हे शास्त्र त्यांना फुकटात मिळालं नव्हतं. पहिल्या इमारतीत त्यांनी घाबरून सगळी घरं खड्ड्याच्या भावाने विकली होती. त्यातल्या एका घड्याळवाल्याने ताबा मिळायच्या आधीच आपलं घर दुपटीने विकलं आणि वर कार्यालयात येऊन थोरल्यांचे हात हातात घेऊन आभार मानले. तोटा थोरल्यांनी पचवला, पण ते आभार काही पचले नाहीत.

बँकेला मात्र खिडकीशी काही देणंघेणं नव्हतं. बँक डोकी मोजायची. सव्वीस करार, प्रत्येकाचा दहा टक्के बयाणा जमा, आणि हे सगळं महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी चारच्या आत. तेवढं झालं तर बांधकामाचं कर्ज सुटेल. नाही झालं तर मंजुरी रद्द, आणि तोवर उचललेली सुरुवातीची रक्कम एकदम परत. ती रक्कम कधीच सिमेंट आणि सळ्यांत गेली होती. तिच्यापोटी तारण होतं ते या कुटुंबाचं राहतं घर, आणि त्या कागदावर थोरल्यांच्या सहीखाली वहिनींची सही होती.

शुक्रवार सहा दिवसांवर आला होता, करार तेवीसच होते, आणि गेल्या पाच आठवड्यांत एकही नवा झाला नव्हता. ही गोष्ट वहिनींना समजत नव्हती. माणसं येत होती, कडेवर बसत होती, वर जाऊन बांधकाम बघत होती, आणि खाली येऊन "कळवतो" म्हणत होती. कळवत कोणी नव्हतं.

शनिवारी केबिनचं दार लावून घरातल्या तिघांची बैठक झाली.

"तीन कमी आहेत," वहिनी म्हणाल्या.

"तीन माणसं मी आणतो," धाकटे म्हणाले. ते कागदपत्रं आणि बँक बघत, त्यामुळे सगळे प्रश्न कागदावर सुटतात अशी त्यांची समजूत होती. "माझा मेहुणा, आपला ड्रायव्हर, आणि मजुरांना डबे देणाऱ्या मावशी. बयाणा आपणच त्यांच्या नावाने भरायचा. कर्ज सुटलं की करार रद्द."

"मावशींना विचारलंत, भाऊजी?"

"सही तर करायची आहे. त्यात विचारायचं काय?"

"बँकेचे साहेब करारातले दोन-चार नंबर फिरवून बघतात म्हणे."

"ड्रायव्हर बोलेल की. शिकवू त्याला."

"त्याला शिकवायला लागून दोन वर्षं झाली. अजून गाडी मागे घेताना खांब शोधून काढतो."

थोरले तक्त्याकडे बघत बसले होते.

"मग कोपरा उघडा," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "रोज चार जण तोच मागतात."

"कोपरा नाही."

"का पण?"

"आज हे ठिपके काढले तर लोक काय समजतील? विकलेली अकरा घरं एकदम परत आली. म्हणजे अकरा जण पळाले. म्हणजे इमारतीत काहीतरी खोट आहे. सोमवारी उरलेले तेवीस बयाणा मागायला दारात उभे."

यात चुकीचं काही नव्हतं, हीच तर अडचण होती. एकदा विकलं म्हटलेलं घर पुन्हा विकायला काढणं म्हणजे स्वतःच्या दुकानाला आग लागल्याची दवंडी पिटणं. वहिनींनी टोमणा मारला.

"तर मग शुक्रवारनंतर कुठल्या खिडकीत उभं राहायचं तेवढं सांगून ठेवा. घरातल्या सगळ्या खिडक्या बँकेच्या होतील."

थोरल्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

रविवारची सकाळ इमारतीवर गर्दीची असे. करार केलेली मंडळी आपापलं घर कुठवर आलं ते बघायला येत, आणि नवीन गिऱ्हाईक आलं की वहिनी त्यालाही मुद्दाम त्यांच्यात पाठवत. "वर जा, आमच्या लोकांना भेटा, त्यांनाच विचारा," असं म्हणत. आपण शंभर वेळा सांगण्यापेक्षा पैसे भरलेल्या माणसाने एकदा सांगितलेलं बरं, हेही थोरल्यांच्याच शास्त्रातलं एक कलम होतं.

त्या रविवारी भूगोलाच्या बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत होकायंत्र. त्यांची ही तिसरी फेरी. त्यांना पाचव्या मजल्यावरचं कोपऱ्याचं घर हवं होतं आणि प्रत्येक वेळी त्या एकच प्रश्न विचारत.

"कोपऱ्यातलं कोणी रद्द केलं का?"

"नाही हो, बाई," वहिनी म्हणाल्या. हे दोन शब्द त्या आता फार सुंदर म्हणत. त्यात खेद होता, आपुलकी होती आणि वर थोडी आशाही ठेवलेली असे.

"असू द्या, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," बाई म्हणाल्या. "मी जरा वर जाऊन दुसरी बघते."

बाई वर गेल्या आणि मग वहिनींच्या लक्षात आलं की त्या डोक्यावर हेल्मेट न घालताच गेल्या. दोन-तीन हेल्मेटं उचलून वहिनी जिन्याने निघाल्या. जिन्याला अजून कठडा नव्हता, म्हणून भिंतीला धरून, सावकाश. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना वरून औषधवाल्यांचा आवाज ऐकू आला. औषधवाले म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक, दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या घराचे गिऱ्हाईक, आणि कोणी न निवडलेले सगळ्या गिऱ्हाइकांचे पुढारी.

"बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतो. कोपरा मिळत नाही तेच बरं. आणि दुसरंही घेऊ नका."

"का हो? बांधकाम वाईट आहे का?"

"बांधकामाला नाव ठेवायला जागा नाही. पण आम्ही तेवीस जण एकमेकांना ओळखतो. कोण कुठे कामाला, कोणाची सासू कुठे घसरली, सगळं माहीत. कोपऱ्यात अकरा घरं विकलीत. त्यातला एक माणूस कोणी बघितलाय? स्वतःचं घर उभं राहतंय आणि अकरांतल्या एकालाही येऊन बघावंसं वाटत नाही?"

"चमत्कारिक आहे खरं."

"चमत्कारिक काही नाही. अकराच्या अकरा एकानेच घेतलीत. हॉस्टेल काढणार. एका खोलीत सहा-सहा जण, लिफ्टला रांग, पाण्याची बोंब."

"मला तर शिकवणीचे क्लास निघणार असं कळलं," दुसरा आवाज आला. तो टेम्पोवाल्यांचा. तेही तेवीस जणांतलेच, स्वतःचा टेम्पो चालवणारा, कमी बोलणारा माणूस. "जिन्यात चपलांचा ढीग."

"काहीही असो. माझा मेहुणा घेणार होता इथे. बयाण्याचा चेक लिहून बसला होता. मीच म्हटलं, थांब. आम्ही अडकलो तेवढे पुरे."

वहिनी भिंतीला धरून उभ्या राहिल्या. हातातली हेल्मेटं एकमेकांवर वाजू नयेत म्हणून त्यांनी ती पोटाशी धरली, आणि उभ्या उभ्या मनातल्या मनात मोजलं. पाच आठवडे. नऊ कुटुंबं. नऊच्या नऊ त्यांनी स्वतः वर पाठवली होती, आमच्या लोकांना भेटा म्हणून. आणि आमच्या लोकांनी आमच्याच ठिपक्यांना घाबरून त्यांना परत पाठवलं होतं. दिव्याखालचा अंधार बघायला जावं आणि दिवा आपल्याच हातात निघावा, तसं झालं.

गंमत अशी की त्यांना वाईट वाटण्याच्या आधी हलकं वाटलं. इमारतीत खोट नव्हती. भावातही नव्हती. खोट होती ती अकरा गोल कागदांत, आणि ते कागद नखाने निघण्याजोगे होते.

त्या हेल्मेटं तिथेच ठेवून खाली आल्या. थोरले केबिनमध्ये सळ्यांचं बिल तपासत होते. वहिनींनी दार लावलं आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. थोरल्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला.

"हॉस्टेल?" ते म्हणाले. "माझ्या इमारतीत?"

"लोक असंच समजतात."

"मी हॉस्टेलला घर विकेन असं वाटतं त्यांना? वीस वर्षं ओळखतात ते मला."

"त्यांना काय वाटायला हवं होतं? आपणच सांगितलं, अकरा माणसं आहेत. माणसं दिसली नाहीत, मग त्यांनी ती तयार केली. आता मी वर जाऊन खरं सांगते."

"आणि ते पळाले तर?"

"आत्ता तर बाकीच्यांना पळवून लावतायत. त्यापेक्षा वाईट काय होणार?"

थोरले उठले, हेल्मेट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. "सकाळी स्लॅबवर पाणी मारलंय का बघून येतो," असं म्हणून ते मागच्या बाजूने गेले. पंचवीस वर्षांच्या संसारात वहिनींना एवढं कळत होतं, की नको असतं तर ते जागचे हलले नसते. होकार तोंडाने देणं त्यांना जड जाई, म्हणून ते अशा वेळी पाणी बघायला जात.

मंडळी खाली उतरली तेव्हा वहिनींनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. पंधरा-सोळा जण त्यात मावत नव्हते. काही दारात उभे राहिले. भूगोलाच्या बाईंना खुर्ची मिळाली. वहिनी तक्त्याकडे वळल्या आणि कोपऱ्याच्या रांगेतला खालचा ठिपका नखाने सोलू लागल्या. तो सहज निघेना, खालचा कागद घेऊन आला. दुसराही तसाच. तिसऱ्याच्या वेळी मागून कोणीतरी विचारलं, "वहिनी, काय चाललंय?"

"हे विकलेलं नव्हतं," त्या ठिपका सोलत म्हणाल्या. "हेही नव्हतं. हेही. ही अकराही घरं आमच्याकडेच आहेत. वरचे मजले झाले की जास्त भाव येईल म्हणून राखून ठेवली, आणि कोणी मागू नयेत म्हणून विकली असं सांगितलं."

औषधवाले गर्दीतून वाट काढत पुढे आले.

"म्हणजे हॉस्टेल नाही?" औषधवाल्यांनी विचारलं.

"नाही."

"क्लास?"

"क्लासही नाही. कोणीच नाही."

"मग इतके दिवस आम्ही शिव्या कोणाला देत होतो?"

"आम्हालाच."

दारातून कोणीतरी हसलं, आणि मग ते हसू आत शिरलं. सगळे हसले असं मात्र नाही. टेम्पोवाले हसले नाहीत. त्यांनी एकदा तक्त्याकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे, आणि बाहेर पडले. वहिनींनी ते पाहिलं आणि मनात एका नावापुढे फुली मारली.

भूगोलाच्या बाई खुर्चीतून उठल्या नव्हत्या.

"मी तीन वेळा विचारलं," त्या म्हणाल्या. "तिन्ही वेळा तुम्ही 'नाही हो' म्हणालात. इतक्या दुःखाने म्हणालात की मीच तुमची समजूत घातली."

"हो, बाई."

"वर्गात असतात तर बाकावर उभं केलं असतं."

"आत्ता राहते."

"बाक नाही इथे. पाचव्या मजल्याचा नकाशा काढा."

मग वहिनींनी उरलेलंही सांगून टाकलं. बँकेची तारीख, तीन करार कमी, कोपऱ्याला आजचा स्लॅबचा भाव आणि तळ्याचे म्हणून थोडे वर. ज्यांनी आधी घर घेतलंय त्यांना कोपरा हवा असेल तर फरक भरून पहिला हक्क त्यांचा. हे शेवटचं वाक्य त्यांनी कोणालाही न विचारता स्वतःच्या पदरचं घातलं. मागच्या दाराशी, डोक्यावर हेल्मेट असलेली एक ओळखीची सावली उभी होती. तिने हेल्मेट काढलं आणि पुन्हा घातलं.

सोमवारी भूगोलाच्या बाईंनी करार केला. चोवीस. त्या आधी पाचव्या मजल्याच्या सळ्यांजवळ पंधरा मिनिटं होकायंत्र घेऊन उभ्या होत्या आणि नकाशातली उत्तर थोडी कललेली आहे हे त्यांनी थोरल्यांकडून कबूल करून घेतलं होतं.

मंगळवारी औषधवाले आले, फरक भरला आणि दुसऱ्या मजल्यावरून सहाव्या मजल्याच्या कोपऱ्यात गेले. आनंद झाला, पण आकडा हलला नाही. बँकेच्या दृष्टीने माणूस तोच, फक्त जिना वाढला. बुधवारी त्यांचा तो थांबवून ठेवलेला मेहुणा आला. चेक खरंच लिहिलेला होता, फक्त तारीख खोडून नवी टाकली. त्याने चौथ्या मजल्याचा कोपरा घेतला. पंचवीस.

आणि ज्याच्यावर कोणाचंच लक्ष नव्हतं ते गुरुवारी घडलं. औषधवाल्यांनी सोडलेलं दुसऱ्या मजल्याचं मागचं घर रिकामं झालं होतं. लहान, तळं नाही, काही नाही, पण स्वस्त आणि शांत. नवीनच लग्न झालेलं एक जोडपं तीनदा येऊन गेलं होतं. त्यांना उरलेली घरं एक तर महाग पडत, नाही तर ती विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या समोर होती. वहिनींनी फोन लावला. दोघं दुपारच्या सुट्टीत आली, मुलीने स्वयंपाकघराच्या जागी उभं राहून हात पसरून बघितले, आणि संध्याकाळी बयाणा भरला. सव्वीस.

धाकट्यांनी सव्वीस फायली ओळीने लावल्या. थोरल्यांनी त्या दोनदा मोजल्या. वहिनी फोन खाली ठेवणार तोच त्यावर टेम्पोवाल्यांचा निरोप आला: उद्या सकाळी येतो, बयाणा परत हवा.

शुक्रवारी नऊ वाजता टेम्पोवाले वहिनींसमोर बसले होते. थोरले आणि धाकटे बाहेर खडीच्या ढिगाशी उभे राहून काचेतून बघत होते आणि आपण बघत नाही असं दाखवत होते. वहिनींनी करार रद्द करायचा कागद काढला, वर पेन ठेवलं आणि पुढे सरकवला.

"थांबा म्हणणार नाही?" टेम्पोवाल्यांनी विचारलं.

"म्हटलं तर विश्वास बसेल?"

"नाही."

"म्हणून म्हणत नाही."

टेम्पोवाल्यांनी कागद वाचला. हळू वाचला, एकेका ओळीवर बोट ठेवून. मग बोट मध्येच थांबलं.

"आणखी काय काय खोटं सांगितलंय?"

काचेपलीकडे धाकट्यांनी मान हलवली. ऐकू काही येत नव्हतं, पण सवयीने हलवली. वहिनींनी विचार केला. एक करार म्हणजे आज घर होतं. पण खोटं सांगून ते वाचवायचं झालं तर पुन्हा ठिपके चिकटवण्यासारखंच होतं, आणि त्यांच्या नखांत अजून रविवारचा डिंक होता.

"तुमच्या बाबतीत एक आहे," त्या म्हणाल्या. "पार्किंग. टेम्पो आरामात बसेल असं ह्यांनी सांगितलं होतं. बसेल, पण एकदा बसला की दार उघडणार नाही. उतरायचं तर खिडकीतून."

"ते मी मोजलंय."

"कधी?"

"करार करायच्या आधी. टेप घेऊन."

"मग बोलला कसे नाहीत?"

"म्हटलं, कधी सांगताय बघू."

मग टेम्पोवाल्यांनी कागद उलटा करून परत सरकवला.

"फाटकाजवळ मोकळी जागा आहे. कचऱ्याच्या डब्यांशेजारी. ती माझ्या नावाने लिहून द्या."

"देते. पण वास येईल."

"ही दुसरी खरी गोष्ट झाली," टेम्पोवाले म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसले. "सवय लागेल तुम्हाला."

बँकेत ते तिघं सव्वातीनला पोचले. कर्जाचे साहेब बोटाला रबरी टोपी लावून फायली चाळणारे, शांत, पोटातलं ओठावर न आणणारे गृहस्थ होते. सव्वीसपर्यंत मोजून त्यांनी मधल्या दोन फायली ओढल्या आणि फोन उचलला.

पहिला फोन भूगोलाच्या बाईंना लागला. साहेबांनी "आपण घर घेतलंय का" एवढंच विचारलं होतं. त्यानंतर सात मिनिटं ते फक्त "हो" आणि "अच्छा" म्हणत होते. मध्येच त्यांनी मागे वळून खिडकीकडे पाहिलं आणि ऊन कुठून येतंय ते तपासलं.

दुसरा टेम्पोवाल्यांना लागला.

"हो, घेतलंय," पलीकडून आवाज सगळ्यांना ऐकू आला. "कचऱ्याशेजारी."

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"मला चालतं. लिहून घेतलंय."

साहेबांनी फोन ठेवला, टेबलापलीकडच्या तीन चेहऱ्यांकडे पाहिलं आणि बहुतेक असं ठरवलं असावं, की असली माणसं कोणी पढवून उभी करू शकत नाही. खणातून शिक्का काढला. चारला सतरा मिनिटं कमी होती. शिक्का बसला तेव्हा थोरल्यांनी श्वास सोडला तो इतका लांब होता, की टेबलावरची पावती उडाली आणि धाकट्यांनी ती झेलली.

जिन्यात धाकटे वहिनींच्या जवळ आले. "वहिनी, त्यांनी आपल्या ड्रायव्हरचा नंबर फिरवला असता तर?"

"तर त्याने विचारलं असतं, गाडी काढू का, साहेब."

धाकटे कठड्याला धरून हसत सुटले. हसणं थांबलं तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी ते रुमालाने पुसले आणि धूळ फार आहे असं सांगितलं. बँक पहिल्या मजल्यावर होती आणि जिना नुकताच पुसलेला होता.

गाडीत थोरले मागे वहिनींच्या शेजारी बसले, धाकटे पुढे.

"कोपऱ्यातली किती राहिली?" थोरल्यांनी विचारलं.

"आठ."

"ती आता सातव्या स्लॅबपर्यंत काढायची नाहीत."

"नका काढू. बँकेचं झालं, आता थांबा हवं तेवढं."

"मग तक्त्यावर काय लावायचं?"

"काही लावायचं नाही. पेनाने 'राखीव' लिहायचं. कोणी विचारलं तर सांगायचं, भाव चढायची वाट बघतोय."

"असं तोंडावर सांगायचं?"

"तोंडावर."

"गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"म्हणेल, यांना धंदा कळतो. आणि उद्यापेक्षा आजच घेतलेलं बरं, असंही म्हणेल."

थोरल्यांनी यावर विचार करायला डोळे मिटले. सिग्नल सुटायच्या आत त्यांची मान वहिनींच्या खांद्यावर आली. पाच आठवडे हा माणूस पलंगावर छताकडे बघत पडत असे आणि विचारलं की "झोपलोय" म्हणत असे. आता तोंड उघडं होतं, चष्मा एका कानावर लोंबत होता, आणि घोरण्याचा पहिला सूर लागला होता.

गाडी घराच्या गल्लीत वळली. फाटक दिसलं, वरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे दिसले. ड्रायव्हरने वेग कमी केला.

"थांबू नकोस," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "पुढून एक चक्कर मारून ये."

"कुठे जायचंय, वहिनी?"

"कुठे नाही. झोपू दे यांना थोडं. घर काय, आता तिथेच आहे."